एक्केचाळिसावा डाव

चाळीस डाव तोंडपाठ असलेली मुलगी हरते कशी? सांगलीच्या स्पर्धेत पाचवी फेरी संपली, तेव्हा केतकी शिरगुप्पेला हेच कोडं पडलं होतं. साल होतं २०५३. जुन्या-नव्या नामांकित बुद्धिबळपटूंचे चाळीस डाव पोरीने उन्हाळाभर पाढ्यांसारखे घोकले होते. पण समोरच्या मुलाने आठव्या चालीला कडेचं प्यादं दोन घरं सरकवलं. असली चाल चाळिसांत कुठेच नव्हती! केतकीची जी भंबेरी उडाली ती मात होईपर्यंत. आता एकच फेरी उरली होती. ती जिंकली तरच जिल्ह्याच्या संघात जागा.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच ती वस्तादांकडे गेली. वस्ताद म्हणजे तिच्या बुद्धिबळ मंडळाचा यंत्रमानव (माणसासारखं काम करणारं यंत्र). तालमीतल्यासारखं हे नाव मुलांनीच ठेवलेलं.

"वस्ताद, अजून डाव द्या. चाळीस कमी पडले."

"आधी हा पट बघ. पाच सेकंद." वस्तादांनी चोवीस सोंगट्या मांडल्या, मग पट झाकला. "आता तसंच मांड."

केतकीने वीस बरोबर मांडल्या.

"आता हा." पुन्हा चोवीसच सोंगट्या. या वेळी जेमतेम पाच जमल्या!

"अहो, सोंगट्या तितक्याच ना? मग माझं डोकं बंद पडलं का?"

"पहिली मांडणी खऱ्या डावातली होती. दुसरी मी कशीही विस्कटली होती."

केतकी अजूनच गोंधळली. डबा हातात तसाच.

"अगं, मेंदू एकेक सोंगटी लक्षात ठेवत नाही. राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी, शेजारचा हत्ती, हे सगळं तो एकच गाठोडं म्हणून उचलतो. त्याला आकृतिबंध (ओळखीची मांडणी) म्हणतात. विस्कटलेल्या पटावर गाठोडी बांधताच येत नाहीत."

"म्हणजे माझ्याकडे गाठोडी आहेत. तरी हरलेच की!"

"घोडं तिथंच पेंड खातंय. तू ती कधी सोडून बघितली नाहीस. एकोणिसावा डाव सांग, दीडशे वर्षांपूर्वीचा."

केतकी धडाधड चाली म्हणू लागली.

"थांब. काळ्याने मधलं प्यादं का ढकललं?"

"कारण... पुढची चाल तीच आहे."

"ही झाली पोपटपंची! आता तेहतिसावा सांग, गेल्या वर्षीचा."

केतकी मध्येच अडखळली. दोन्ही डावांतल्या चाली अगदी निराळ्या. पण दोन्हीकडे समोरचा कडेने चालून आला होता, आणि त्याला उत्तर मिळालं होतं...

"मधून!" ती ओरडली. "तो कडेला गुंतला की मध्ये ढिला पडतो!"

"सुटलं गाठोडं. यापुढे डाव वाचताना पुढची चाल झाकायची. आपण काय खेळलो असतो ते ठरवायचं, मग उघडायची आणि विचारायचं, का?"

सहाव्या फेरीत समोर आलेल्या मुलीने केतकीची पाचवी फेरी पाहिली होती. तिनेही मुद्दाम कडेचं प्यादं पुढे काढलं. केतकी चाळीस डाव आठवू लागली. हा कितवा डाव? एकही जुळेना. मग तिने प्रश्नच बदलला. ही आली कुठून? कडेने. केतकीने मधलं प्यादं ढकललं. बरोबर की चूक, तेव्हा तिलाही कळत नव्हतं. बत्तिसाव्या चालीला समोरच्या राजावर मात झाली, तेव्हा कळलं.

वस्तादांनी डाव उतरवून घेतला आणि एका चालीवर बोट ठेवलं. "माझ्याकडच्या लाखो डावांत हा नाही. ही चाल का खेळलीस? शिकव मला."

केतकीने आता कुठे डबा उघडला.

"सांगते," ती घास घेत म्हणाली. "पण आधी चाल झाका. तुम्ही काय खेळला असता?"