लपलेल्या शिरा

"दोन जणी टोचून गेल्या. तुम्ही तिसऱ्या. हात तर दोनच आहेत, सिस्टर!"

त्या दिवशीच मी या वॉर्डात बदलून आले होते. खुर्चीत तो... शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर, दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून कॅन्सरचं औषध घ्यायला येणारा. मी दंडाला पट्टा बांधला, डोळे मिटले आणि बोटानं चाचपू लागले.

"अहो, डोळे मिटून?"

"आधी देवाचं नाव घेते. शिवाय शीर बोटाला कळते, डोळ्याला नाही. घाबरू नका हं... भीतीनं, गारठ्यानं शिरा लपतात."

"आणि ही गाठ?"

"शिरेतली झडप. रक्ताला हृदयाकडेच जाऊ देते, मागे फिरू देत नाही."

"एकमार्गी प्रकरण दिसतंय."

मी हसू दाबलं. सुई पहिल्याच फटक्यात लागली.

पुढे तो गरम पाण्यात हात शेकून यायचा. "तयारीनं आलोय!" दिवसभर मी किती हात हातात घेते... घरी मात्र एक ताट, एक पेला. माझा हात कुणी धरला, त्याला किती वर्षं झाली कोण जाणे.

सातव्या खेपेला शिरा दोरीसारख्या कडक लागल्या. औषधानं पोळल्या होत्या. एक बारीकशी उरली होती. लागलीही असती... पण फुटली, तर औषध मांसात उतरणार. डॉक्टरांना सांगितलं, तर त्याच्या छातीतल्या मोठ्या शिरेत नळी बसणार. नळीवाले पेशंट वरच्या मजल्यावर. म्हणजे तो जाणार.

पट्टा माझ्या हातात तसाच राहिला... मग सोडला.

"हाताला आता टोचायचं नाही. डॉक्टरांना सांगते."

"म्हणजे... तुम्ही नाही?"

"नाही."

तीन आठवड्यांनी त्याच्या खुर्चीत एक आजोबा होते. दुपारी मी एकटीच डबा उघडून बसले होते.

"सिस्टर..."

तो दारात उभा. कॉलरखालून नवी पट्टी डोकावत होती.

"वरचं काम झालं. आज नुसताच हात आणलाय."

त्यानं हात पुढे केला. कितीतरी वेळानं मी माझा हात त्यात ठेवला. त्यानं डोळे मिटले, माझ्या मनगटावरून हलकेच बोट फिरवलं.

"सापडत नाहीये. गार पडलाय हात. थंडी वाजतेय, की..."

"घाबरलेय," मी म्हटलं.

"लपू देत," तो म्हणाला, हात न सोडता. "मला कुठं घाई आहे?"