नाहूरचं दुसरं घर

"आज चार वाजता मला चोर ठरवणार आहेत," दारातून आत येता येता ती मुलगी म्हणाली. मग चपला काढायच्या राहिल्या हे लक्षात येऊन तशीच मागे फिरली.

कुंदा सकाळची पोथी आटोपून समोरच्या घरातून वसुधाकडे पेपर चाळायला आली होती. वसुधा तांडेल एका बँकेच्या दक्षता विभागातून निवृत्त झाली, तेव्हापासून नाहूरच्या दोन खोल्यांतच खासगी तपासाची कामं घ्यायची. कुंदाला त्यातलं फारसं कळायचं नाही. तरी वसुधा तिला प्रत्येक कामाला बरोबर न्यायचीच. "तू नुसती बसलीस तरी माणसं बोलायला लागतात," असं ती म्हणे. हा आपला गुण म्हणायचा की दोष, ते कुंदाला अजून उमगलं नव्हतं.

"बस आधी. नाव काय तुझं?" वसुधाने विचारलं.

"श्वेता. मी आरोहिणी हॉस्पिटल्समध्ये आहे. आमच्या सहा हॉस्पिटलांची सगळी कॉम्प्युटर यंत्रणा अनिरुद्ध सामंत सर बघतात. मी त्यांची सहायक. सर मोठे वक्ते आहेत, मावशी. कंपनीने तंत्रज्ञान कसं वापरावं, आयटीच्या प्रमुखाने माणसं कशी जोडावी, हे त्यांच्याकडून ऐकायला लोक कुठून कुठून येतात. 'दुसरं घर' हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं भाषण."

"दुसरं घर?" कुंदा चपापली. "संसारी माणूस ना गं तो?"

रडवेली श्वेता फिस्सकन हसली. "तसलं नव्हे हो! पेशंटची सगळी माहिती आमच्या अंधेरीच्या केंद्रात असते. ते बंद पडलं तर? म्हणून इथे नाहूरला दुसरं केंद्र आहे. पहिलं थांबलं की दुसरं लगेच सुरू. कुणाचा रक्तगट, कुणाला कुठलं औषध चालत नाही, काही अडत नाही."

"मग काल काय झालं?"

"काल अंधेरीच्या हॉटेलात परिषद होती. सरांचं भाषण रंगात आलं होतं. नाहूरच्या केंद्राचं चित्र यायचं, त्याऐवजी पडद्यावर भलताच फोटो आला. जागा तीच, पण आत यंत्रंच नाहीत. रिकामी कपाटं, फाटलेलं प्लास्टिक, कबुतरांची घाण."

"खरा फोटो?"

"कंपनी म्हणते बनावट आहे. मी आत कधी गेलेच नाही. किल्ली फक्त सरांकडे आणि डायरेक्टर कृणालसाहेबांकडे असते. पण चित्रं मी बनवली, हॉलच्या लॅपटॉपवर मीच चढवली. मग धरायचं कुणाला? मलाच. चार वाजता ऑफिसात संचालकांपुढे चौकशी आहे. नोकरी जाणार, वर पोलिसांत तक्रार देणार म्हणतात. त्यानंतर मला दुसरीकडे कोण उभं करेल?"

"तुझे सर काय म्हणतात?"

"कालपासून फोन उचलत नाहीत. खूप धक्का बसलाय त्यांना. एरवी माझ्यावर मुलीसारखी माया आहे हो. काल दीपप्रज्वलनाला त्यांचं नाव पुकारलं, तर म्हणाले, 'श्वेता, तू जा, आता तुमच्या पिढीचा मान.' आईला फोटो पाठवला मी स्टेजवरचा."

वसुधाने काही टिपून घेतलं नाही. ती कधीच घेत नसे. "यात फायदा कुणाचा?"

"हर्षदसर. सामंतसरांच्या खालोखाल तेच, आणि खुर्चीवर डोळा आहे. शिवाय मिहिर दळवी. तो सरांच्या आधी बोलला, त्याच लॅपटॉपवरून. आमचं सल्लागाराचं काम सरांनी त्याच्याकडून काढून घेतलं होतं."

श्वेताने मोबाइल पुढे केला. कालचा प्रकार एव्हाना सगळीकडे फिरला होता. करड्या सुटातले सामंत स्टेजवर फिरत बोलत होते. मध्येच थांबले. टेबलाशी जाऊन ग्लासभर पाणी घटाघटा प्यायले, मान खाली घालून थोडा वेळ उभे राहिले, आणि मग हातातलं बटण दाबलं. फोटो आला. सभेत कुजबुज उसळली. सामंत हळूहळू मागे वळले आणि लोकांकडे पाठ करून पडद्याकडे बघत राहिले.

"घशाला कोरड पडलेली बिचाऱ्याच्या," कुंदा म्हणाली.

"सर असे कधीच वळत नाहीत," श्वेता हळहळली. "नव्या वक्त्यांना बजावून सांगतात, पडद्याकडे वळलात की सभा हातची गेली."

"पुन्हा लाव गं ते," वसुधा म्हणाली. मग उठून पदर खोचला. "चल कुंदा."

"आज माझी संकष्टी आहे."

"मी तुला जेवायला कुठे नेतेय?"

*

परिषदेचा दुसरा दिवस होता. श्वेता दोघींना अंधेरीच्या हॉटेलात घेऊन आली, तेव्हा जेवणाची सुट्टी झाल्याने हॉल रिकामा होता. कुंदा स्टेजवर चढली, दोन पावलं पुढे गेली आणि जमिनीवर तिरक्या ठेवलेल्या टीव्हीला अडखळली.

"अगो बाय माझे!"

"सांभाळून मावशी!" मागच्या टेबलावरून लहू धावत आला. हॉलचा पडदा, आवाज, दिवे सगळं तोच बघायचा. "वक्त्यांचा टीव्ही आहे तो. मोठ्या पडद्यावर आत्ता काय आहे आणि पुढे काय येणार, दोन्ही त्यात दिसतं."

"वाटेत ठेवतात होय असं?" गुडघा चोळत कुंदा म्हणाली.

वसुधाने लहूला कालचं विचारलं. तो श्वेताकडे बघून म्हणाला, "या ताईने सकाळी सगळी चित्रं माझ्यासमोर तपासली. एकदम बरोबर होती. त्यानंतर मी लॅपटॉपचं टेबल सोडलंच नाही. जेवलो पण तिथेच. फोटो आला तेव्हा मी तिथून हात वर केला, पडदा काळा करू का म्हणून. साहेबांनी बघितलंच नाही."

कुंदाचं लक्ष कोपऱ्यातल्या समईकडे गेलं होतं. कालची झेंडूची फुलं तशीच वाळली होती. तिने ती उचलून ओंजळीत घेतली. "एवढ्या एसीत दिवा टिकला कसा रे?"

"टिकत नाही ना मावशी! त्यासाठी एसी बंद करायला लागतो. बटण तिकडे, स्टेजच्या मागे. मीच जातो. सगळ्यांच्या वाती लागून फोटो निघाले की परत चालू करायचा. तेवढ्यात साहेब लोक घामाघूम."

वसुधाने कुंदाकडे असं पाहिलं, की आपलं काही चुकलं की काय असं कुंदाला वाटलं.

*

मिहिर दळवी बाहेर कॉफी पीत बसला होता. विचारल्यावर त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"राग आहे, मॅडम. नाही कशाला म्हणू? पण काल मीच आधी मेलो होतो. दिव्यासाठी बूट काढायला लावले, आणि सगळ्यांसमोर माझा अंगठा मोज्यातून बाहेर! त्या अंगठ्याच्या नादात भाषणच विसरलो. पुढचं चित्र खालच्या टीव्हीत दिसत होतं म्हणून तरलो. कसाबसा उतरलो आणि सामंत लगेच चढले. मला कुठली फुरसत असले उद्योग करायला?"

कुंदाला हसू आवरेना. त्याने पुढे केलेली कॉफी मात्र तिने हात जोडून नाकारली.

हर्षद आरोहिणीच्या ऑफिसात भेटला. मरोळच्या त्या इमारतीत चार वाजण्याची धास्ती प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होती.

"लवकर विचारा. खुर्ची हवी आहे का? हो, हवी आहे," तो म्हणाला. "पण अशी? विभागाची लाज गेल्यावर त्या खुर्चीत बसून मी काय कबुतरं हाकू?"

"बोटाला काय लागलं?" वसुधाने विचारलं.

"कालची मेणबत्ती. वात पेटवताना मेण बोटावर सांडलं. बाजूला कृणालसाहेब उभे, मग ओरडायची सोय नाही."

"खोबरेल लावा," कुंदा म्हणाली.

"तो फोटो खरा आहे का?" वसुधाने विचारलं.

हर्षदने दाराकडे पाहिलं. "मला कधी नाहूरला जाऊच दिलं नाही," तो हळूच म्हणाला.

*

अनिरुद्ध सामंत आपल्या केबिनमध्ये दिवा न लावता बसले होते. भिंतीवर मानपत्रांची दाटी होती. श्वेताला पाहून ते उभे राहिले.

"तू कशाला आलीस? तुझं काही वाईट होणार नाही, मी बघतो..."

"कधी बघणार, सामंतसाहेब? चार वाजायला आलेत," वसुधा खुर्ची ओढून बसली. "मी थोडं बोलते. तुम्ही एरवी बोलता, आज ऐका."

ते बसले.

"श्वेताने चित्रं तपासली तेव्हा ती बरोबर होती. नंतर लहू टेबलावरून हलला नाही. मीसुद्धा ते खरं धरून चालले होते. पण कुंदाने समईची चौकशी केली, तेव्हा कळलं की तो एकदाच हलला होता. दीपप्रज्वलनाला एसी बंद करायला तो स्टेजमागे गेला. सगळी सभा दिव्याकडे बघत होती. चित्र बदललं ते तेव्हाच."

"त्या वेळी मी वर होते," श्वेता म्हणाली.

"होतीस. मिहिर दळवी फाटक्या मोज्यात वर होता. हर्षद बोट भाजून घेत वर होता. शेजारी कृणालसाहेब होते. म्हणजे ज्यांच्यावर संशय घ्यावा ते सगळे वर, आणि नाहूरची किल्ली असलेल्या दोघांपैकीही एक वर. दुसऱ्याचं नाव पुकारलं होतं. पण तो गेला नाही. त्याने आपल्या जागी या पोरीला पाठवलं."

तिने सामंतांकडे पाहिलं. ते टेबलाच्या काचेवर बोट फिरवत होते.

"खाली शेकडो माणसं होती," ते म्हणाले.

"होती. म्हणून मी तेवढ्यावर थांबले नाही. स्टेजवर तुमच्या पायाशी टीव्ही होता. पुढचं चित्र लोकांच्या आधी वक्त्याला दिसतं. मिहिरच्या भाषणात टीव्ही चालू होता, आणि मिहिर उतरल्यावर लगेच तुम्ही चढलात. म्हणजे फोटो तुम्हाला आधी दिसला. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता, काहीतरी बिघाड झालाय म्हणाला असता. तुम्ही पाणी प्यायलात. खाली बघत उभे राहिलात. आणि बटण दाबलंत. लहूने पडदा बंद करू का म्हणून हात केला, तिकडे पाहिलं नाहीत. उलट, जन्मात कधी न वळणारे तुम्ही, आश्चर्य वाटल्यासारखे मागे वळलात. पायाशी दिसलेलं चित्र बघायला मागे कशाला वळायचं, साहेब?"

"फोटो खरा आहे," अखेर सामंत म्हणाले. "मीच काढला. दोन वर्षं मी प्रत्येक सभेत ते घर बांधत आलो. डायरेक्टर म्हणायचे, यंत्रं पुढच्या वर्षी घेऊ, तुम्ही बोलत राहा, नाव होतंय. गेल्या महिन्यात बोरिवलीला यंत्रणा कोलमडली. एका बाईंना न चालणारं इंजेक्शन देणार होते. नवऱ्याने नर्सचा हात धरला म्हणून वाचल्या. दुसऱ्या दिवशी पुण्यात मी हेच भाषण दिलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या."

"मग तोंडाने का नाही सांगितलंत हो?" कुंदाने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच ओशाळले.

"तोंडाला खऱ्याची सवय राहिली नव्हती, ताई. वाटलं, पडदाच बोलून टाकेल. आणि श्वेतावर येऊ नये म्हणून तिला वर पाठवलं. तिचे फोटो निघतील, ती साक्ष राहील."

"ती साक्ष उपयोगी पडायची तर चित्र केव्हा बदललं ते कुणीतरी सांगायला हवं होतं," वसुधा म्हणाली. "ते ठाऊक होतं एकट्या तुम्हाला."

श्वेता इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली.

"सर, मला वर पाठवलंत, ते मला वाचवायला की लॅपटॉपजवळून हलवायला?"

"दोन्ही."

"आधी काय सुचलं?"

शेकडो सभांमधून प्रश्नांना उत्तरं दिलेल्या त्या माणसाने तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही.

वसुधा उठली. "आत जाऊन हे मीही सांगू शकते. पण माझ्या सांगण्याने श्वेता सुटेल, आणि नाहूरच्या फोटोला ते बनावटच म्हणत राहतील. तुम्ही सांगितलंत तर दोन्ही होईल. नोकरी तुमची जाईल, हे मी लपवत नाही."

सामंतांनी कोट चढवला, बटण लावलं, पुन्हा काढलं. मग कोट खुर्चीवर टाकून नुसत्या शर्टावरच ते बाहेर पडले.

सामंतांच्या मागे चौकशीच्या खोलीचं दार सावकाश लागत होतं. बाहेरच्या बाकावर तिघी बसल्या. कुंदाने डोळे मिटून मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. दाराच्या फटीतून तो सरावलेला, भरदार आवाज आला, "सन्माननीय संचालक आणि..."

आणि थांबला.

"मी केलं," तोच आवाज म्हणाला. या वेळी तो ओळखू आला नसता. "फोटो मी घातला. तो खरा आहे. त्या मुलीचा काही संबंध नाही."

दार लागलं. आत एकदम आरडाओरडा झाला, खुर्च्या सरकल्या. श्वेता दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती. पुष्कळ वेळाने हर्षद बाहेर आला.

"श्वेता, तुझ्यावरचं सगळं मागे घेतलंय. लेखी देतील. नाहूरचं कुलूप उद्या सगळ्यांसमोर उघडायचं ठरलंय." तो घुटमळला. "तू घरी गेलीस तरी चालेल."

"चल बाळा," कुंदा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "आई वाट बघत असेल. सुटलीस एकदाची."

श्वेता उठली नाही. बंद दाराकडे बघत तिने पर्स मांडीवर घट्ट धरली.

"तुम्ही निघा, मावशी. मी थांबते. ते बाहेर आले की मला त्यांच्यावर रागवायचंय, आणि ते फोनवर नाही."