चार टायर, तीन ठोके

आधीच सांगतो, ह्यात मीठमसाला लावलेला नाही. लावायचाच असता तर मी अमावस्या आणली असती, ओसाड विहीर आणली असती. इथे रात्रसुद्धा नाही. जे झालं ते मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, फेब्रुवारी 2024 मध्ये, भर दुपारी तीन वाजता, पत्र्याच्या शेडमध्ये झालं.

आणि ते माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत झालं.

त्याचं नाव महेंद्र. आमची दोन्ही घरं बौद्ध, बावीस प्रतिज्ञा घेतलेली. भूत, भानामती, उतारा, ह्यातलं आमच्यात कोणी काही मानत नाही. म्हणून तर त्याची जास्तच पंचाईत झाली. दुसरा कोणी असता तर कुठल्यातरी बाबाच्या पायावर डोकं ठेवून मोकळा झाला असता. ह्याने जायचं कुठे?

महेंद्रचे वडील म्हणजे दुलीचंद काका. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत त्यांनी तीस वर्षं डंपर चालवला. असा डंपर, ज्याचा एकेक टायर माणसाच्या डोक्याच्या वर जातो. निवृत्त झाले तेव्हा कंपनीतला एक इंजिनिअर बदलीवर निघाला होता. त्याच्याकडून काकांनी गाडी घेतली. लाल, दोन दारांची, दोनच सीटची, जमिनीला चिकटून पळणारी स्पोर्ट्स कार. तेव्हाच ती जुनी होती. लोक हसले. काकाही हसले, आणि मावशीला शेजारी बसवून गावभर फिरले.

त्यांची एक सवय होती. गाडी काढायच्या आधी, बरोबर तीन वाजता, सागाचा दांडा घेऊन चारही टायर ठोकायचे. डंपरवाल्यांची रीत. उजवा पुढचा, उजवा मागचा, डावा मागचा, डावा पुढचा. ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. हवा बरोबर असली की आवाज टणक येतो, कमी असली की भद्द येतो. चारही बोलले की मावशीला हाक मारायचे, "चाल वं रुख्मा."

जानेवारी 2021 मध्ये, बैहरच्या रस्त्याला, घाटात, त्या गाडीचा पुढचा डावा टायर फुटला. गाडी कठड्यावर आदळली. काका एकटेच होते.

जागेवरच गेले.

आता ह्यातला कडू भाग ऐका. हा मला महेंद्रनेच सांगितला, पण जवळजवळ चार वर्षांनी.

अपघाताच्या आदल्या दिवशी काकांनी त्याला गाडी घेऊन घनश्यामच्या टायरच्या दुकानात पाठवलं होतं. घनश्यामने टायरच्या कडेवरचे चार अंक बोट ठेवून दाखवले. पहिले दोन म्हणजे वर्षाचा कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल.

"नक्षी नको पाहू भाऊ, साल पाहा. तेरा वर्षाचा टायर हाये. नक्षी शाबूत हाये, पर रबर मेलं. काकाले घाटात नको जाऊ देजो."

पण त्या मापाचे रुंद, बुटके टायर बालाघाटात कुठे मिळणार? नागपूरहून मागवायचे, महिनाभर वाट बघायची, आणि तोवर काकांची रोजची भुणभुण ऐकायची. महेंद्रला कंटाळा आला. घरी येऊन म्हणाला, "सगळं ठीक हाये बाबा. चेक केलं त्यानं."

दुसऱ्या दिवशी काकांनी टायर ठोकून पाहिले. चारही टणक बोलले. हवा होतीच ना! ठोकून हवा कळते, साल कळत नाही. त्यासाठी ते मुलाच्या शब्दावर अवलंबून होते.

मातीला आणि नंतर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे एकच बोलले. म्हाताऱ्याला शौक नडला. ह्या वयात कशाला पाहिजे होती स्पोर्ट्स कार?

मीसुद्धा बोललो. मावशी दोन हातांवर बसली होती तेव्हा बोललो.

महेंद्र मान खाली घालून ऐकत राहिला. बापावर आलेला ठपका त्याने येऊ दिला.

तीन वर्षं गाडी घरामागच्या शेडमध्ये पडून होती. मग लांजीचा पियुष नावाचा एक मुलगा तिच्यावर भाळला. नागपूरला नोकरी, नवीन लग्न, जुन्या गाड्यांचं वेड. अपघाताचं सांगितलं तरी म्हणाला, चालेल, रविवारी न्यायला येतो. महेंद्रला कधी एकदा ती गाडी डोळ्यांसमोरून जाते असं झालं होतं. घाईघाईने पत्रा ठोकून घेतला, रंग मारला. राहिले टायर.

मावशीला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "इक. पर टायर पाहून घेजो."

घनश्यामकडे जायची त्याची हिंमत नव्हती. चारही रिम टेम्पोत टाकून तो किरनापुरला पुनारामच्या दुकानात गेला. पुनारामने पर्याय सांगितले. साध्या गाडीचे अरुंद टायर बसतील, पण वळताना घासतील. जुन्यावर नवं रबर चढवलेले मिळतील, पण ह्या गाडीच्या वेगाला ते नकोत. नेमके मापाचे मागवले तर महिना.

"नाहीतर हे पाहा. तीन पीस नवे हायेत, मागच्या वर्षीचे. चौथा बी कोराच हाये, रोडवर गेलाच नाही. पर गोदामात पडला होता."

महेंद्रने वाकून अंक वाचले. 3111. साल 2011.

"हे अंक एकाच बाजूले असते," पुनाराम म्हणाला. "ते बाजू आतमंदी करून बसवतो. बाहेरून कोनाच्या बापाले दिसत नाही."

महेंद्रने अंकांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मागं लाव. डावीकडं."

हे बुधवारी झालं.

गुरुवारी दुपारी तो पुढच्या खोलीत कोणाचा तरी ऑनलाइन फॉर्म भरत होता. तेच त्याचं दुकान. बायको शाळेत शिकवायला गेलेली, घरात फक्त तो आणि आतल्या खोलीत मावशी. तीन वाजले.

शेडमधून आवाज आला...

ठक.

मग चार पावलांइतकी शांतता. ठक.

पुन्हा शांतता. पण ह्या वेळी लांब...

आणि मग एकदम, ठक.

तो उठून गेला. शेडमध्ये कोणी नव्हतं. दाराला बाहेरून कडी होती. पत्रा तापला असेल, असं म्हणून परत येऊन बसला. पत्रा तापला की तडतडतो. लाकूड रबरावर आपटल्यासारखा वाजत नाही, हे त्यालाही कळत होतं.

शुक्रवारी तो आधीच शेडमध्ये जाऊन उभा राहिला. कडी आतून लावली.

तीन वाजले...

उजव्या पुढच्या टायरवर ठोका पडला. त्याच्यापासून दोन हातांवर. टायर हलला नाही, धूळ उडाली नाही, कोणी दिसलं नाही. मग उजव्या मागच्यावर. मग कोणीतरी गाडीला वळसा घालून डाव्या मागच्या टायरपाशी थांबलं...

आणि ठोका पडलाच नाही.

महेंद्र म्हणतो, ठोक्यांची भीती वाटली नाही. त्या न पडलेल्या ठोक्याची वाटली. कोणीतरी तिथे वाकून कान देऊन बसलं होतं.

मग डावा पुढचा. ठक. संपलं.

काकांचा सागाचा दांडा तर त्यांच्याबरोबर चितेवर ठेवला होता. महेंद्रने स्वतः ठेवला होता.

त्या संध्याकाळी त्याने जॅक लावला आणि टायरांची अदलाबदल केली. जुना टायर उजवीकडे पुढे आणला, तिथला नवा डावीकडे मागे नेला. काहून केलं, त्यालाच सांगता येत नाही. पाहायचं होतं म्हणाला.

शनिवारी तीन वाजले. तो कान लावून उभा राहिला.

पहिला ठोका आलाच नाही.

बराच वेळ काही नाही... मग मागून ठक. मग ठक. मग ठक.

मोकळी जागा टायरबरोबर सरकली होती. जिवंत असताना काकांना ठोकून साल कळत नव्हतं. आता कळत होतं.

महेंद्र घामाघूम होऊन घरात आला. मावशी खिडकीपाशी बसली होती. ती खिडकी शेडवरच उघडते.

"आई, मागं काही आवाज येऊन राह्यला का?"

"कसला आवाज?"

मावशीने त्याच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. तो म्हणाला, "काही नाही."

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर माणूस शहाणा होतो. नाही होत. तो रात्रभर मनाची समजूत घालत बसला. पोरगा गाडी जपून चालवेल. टायर कोरा आहे. एकदा गाडी दाराबाहेर गेली की आपलं काय देणंघेणं. तीन वर्षांपूर्वीसुद्धा त्याने अशीच समजूत घातली होती. तेव्हा निदान त्याला ठाऊक नव्हतं पुढे काय होतं ते.

रविवारी अडीचला पियुष आला. बरोबर बायको, समीक्षा. हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. ती येता येताच गाडीत जाऊन बसली आणि आरशात पाहून केस नीट करू लागली. दोघं तिथूनच नागपूरला निघणार होते. तिच्या पायाशी डब्यात सासूने दिलेले लाडू होते.

पियुषने गुडघ्यावर बसून टायरच्या नक्षीत नख घातलं.

"टायर तो एकदम नए हैं भैया?"

"हौ," महेंद्र म्हणाला.

तीन वाजले.

त्याने श्वास रोखून धरला...

काही नाही. एकही ठोका नाही. ना उजवीकडे, ना डावीकडे. शेडमध्ये समीक्षाच्या बांगड्या वाजत होत्या, तेवढाच आवाज. संपलं, असं महेंद्रला वाटलं. सुटलो. त्याने खिशातून किल्ली काढून पियुषसमोर धरली.

आणि त्याच्या पाठीवर...

दोन खांद्यांच्या मधोमध...

ठक.

हलकाच. लाकडाचा. आणि मग कोणीतरी मागे उभं राहून कान देऊन ऐकत असल्यासारखी शांतता. महेंद्र सांगतो, आवाज कसा आला ते त्याला त्याच्या बरगड्यांत कळलं. भद्द आला.

किल्ली त्याच्या हातातून पडली.

"नको नेऊ," तो म्हणाला. "समोरचा उजवा टायर बारा वर्षाचा हाये. साल आतून लपवलं हाये. मीनंच लपवाले लावलं."

पियुषने मोबाइलचा टॉर्च लावून गाडीखाली डोकं घातलं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने आधी बायकोला हात धरून गाडीतून उतरवलं. मग मराठीत बोलला, सावकाश.

"हे बसनार होती त्यात. तुमाले माहीत होतं न?"

महेंद्रने मान डोलावली. ते दोघं डबा उचलून निघून गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं महेंद्र म्हणतो.

मागच्या दारात मावशी उभी होती. गुडघे गेल्यापासून ती तीन पायऱ्यासुद्धा उतरत नव्हती, पण आज दाराला धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मग महेंद्रचा बांध फुटला. घनश्यामने काय सांगितलं होतं, आपण घरी येऊन काय सांगितलं, मातीला लोक बोलत होते तेव्हा आपण गप्प का बसलो, सगळं त्याने तिच्या पायाशी बसून ओकून टाकलं.

मावशीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही.

"घनश्याम मातीच्याच दिवशी सांगून गेलता मले," ती म्हणाली. "त्याले वाटलं, मले माहीत असन."

"मंग तू बोलली काहून नाही आई? तीन वर्स?"

"पाहून राह्यली होती, तू कधी बोलतं ते."

महेंद्रने डोळे पुसले. शेवटी त्याने विचारलं, "आन् तो ठोक्याचा आवाज... तुले आला का?"

"तीन वर्सांपासून रोज येते, तीन वाजले का," मावशी म्हणाली. "तुले आत्ता ऐकू आला."

एवढं बोलून ती आत गेली.

गाडी पुढच्याच महिन्यात भंगारात गेली. जुना टायर महेंद्रने कुऱ्हाडीने तोडला, कोणाला वापरता येऊ नये म्हणून. शेड रिकामी झाली. मावशी त्याच्याशी बोलते, वाढते, औषधं त्याच्याच हातून घेते. पण दुलीचंद काकांचं नाव तिने त्याच्यासमोर पुन्हा घेतलेलं नाही.

मागच्या दिवाळीत मी बालाघाटला गेलो तेव्हा महेंद्रने मला हे सगळं सांगितलं. मी त्याला समजावलं की मनाचे खेळ असतात, अपराधी वाटलं की माणसाला काहीही ऐकू येतं. मोठ्या शहाणपणाने समजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मावशीजवळ खिडकीपाशी चहा पीत बसलो होतो. समोर रिकामी शेड. उघडं दार, फरशीवर तेलाचे डाग, बाकी काही नाही. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले...

मावशीने कप खाली ठेवला. ती शेडकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"रवी, तूबी म्हन्लं होतं न मातीत, म्हाताऱ्याले शौक नडला म्हनून?"

मी चहाचा घोट घेतला.

"आवाज आला का तुले?"

"नाही मावशी," मी म्हणालो.

खोटं बोललो मी.