एका केकवर दोन नावं

भुरभुर पाऊस, बेसबॉलच्या मैदानाच्या फाटकात चिखल – लॉर्नाचा पाय घसरला आणि केकचं खोकं हातून सुटलं. ते जमिनीवर आपटायच्या आत एका उंच पिचरनं, म्हणजे संघाच्या चेंडूफेक्यानं, अलगद झेललं. वर तिच्याकडे बघून तो नको तितका गोड हसला.

"कॅचर मी, आणि झेललंस तू!" मागून बुटका क्लाइड करवादला. "उघड बघू. पहिलं नाव कुणाचंय?"

हा उंच वेल्डन आणि क्लाइड, दोघांचा जन्म एकाच सालातला, एकाच नऊ ऑगस्टचा. ओहायोतल्या त्या गावच्या संघाचा मॅनेजर डोर्सी एक नंबरचा चिक्कू. तो दोघांत मिळून एकच केक मागवायचा, लॉर्नाच्या वडिलांच्या बेकरीतून.

"अर्धा केक माझा," वेल्डन म्हणाला, "आणि केकवाली... अख्खी."

"केकवाली विकायला नाही!" लॉर्ना फणकारली. पण कान लाल झालेच.

मग वेल्डन रोज बेकरीत पाव घ्यायला येऊ लागला. एकटा जीव, आणि तीन-तीन पाव!

"खातोस कधी एवढे?"

"खातो कोण? क्लाइडच्या गळ्यात मारतो."

"याच्याशी लग्न कर गं बाई एकदाचं," क्लाइड कळवळून म्हणायचा, "माझं पोट सुटत चाललंय!"

पुढच्या ऑगस्टमध्ये, वाढदिवसाच्या तोंडावर, फलंदाजी करताना एक वेगवान चेंडू क्लाइडच्या कानशिलावर बसला. त्याला शुद्ध नव्हती. नऊ तारखेला सकाळी डॉक्टर म्हणाले, आता उतार आहे. म्हणून वेल्डन खेळायला गेला. दुपारी लॉर्ना केकचा अर्धा भाग घेऊन इस्पितळात पोचली, तर क्लाइडच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

ती तशीच पावसातून मैदानावर धावत आली. डोर्सीनं तिला वाटेतच अडवलं. वेल्डननं समोरच्या संघाला एकही फटका मारू दिला नव्हता. असा खेळ चालू असला की पिचरशी कुणी अवाक्षर बोलायचं नाही, दृष्ट लागते. सगळा संघ बाकाच्या दुसऱ्या टोकाला मूग गिळून बसला होता.

"क्लाइड गेला," ती म्हणाली.

डोर्सीनं टोपी काढली. "शेवटचा डाव उरलाय, पोरी. असा दिवस आयुष्यात एकदा येतो... आला तर. संपू दे, मग सांग."

लॉर्नाला ते पटलं नाही. सांगायचंच, असं ठरवून ती वेल्डनशेजारी जाऊन बसली. तोंड उघडणार, तोच तो हसला.

"तूसुद्धा गप्प? तू?... बरं झालं. म्हणजे आज नाही म्हणता यायचं नाही. माझ्याशी लग्न करशील? क्लाइडनंच मागे मुहूर्त काढून ठेवलाय – आपल्या वाढदिवशी विचार म्हणाला, म्हणजे तारीख विसरणार नाहीस."

लॉर्नाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पाणी आनंदाचं समजून वेल्डननं तिची बोटं हलकेच दाबली आणि तो मैदानात गेला.

शेवटपर्यंत एकही फटका न देता त्यानं सामना जिंकला. लोकांनी टोप्या उडवल्या. तो चेंडू हातात घेऊन धावत आला. "आता बोल! आणि हा क्लाइडला दाखवू..."

तिनं सांगितलं – इस्पितळ, ती चादर, सगळं.

गर्दी ओरडतच होती. "कधी?" त्यानं विचारलं.

"दुपारी."

"मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं."

"सगळेच गप्प होते, वेल्डन..."

"सगळ्यांना मी लग्नाचं विचारलं नव्हतं."

तो पाठ फिरवून चालू लागला. चिखलात बरबटलेला, खांदे पडलेले. क्लाइड जिवंत असता तर त्यानं हातानं ढकलून तिला वेल्डनच्या मागे धाडलं असतं. आता ढकलणारं कुणी नव्हतं.

"हो!" ती त्याच्या पाठीला ओरडली. "करीन! ऐकलंस?... हो!"

तो थांबला. वळला नाही.

"मग चल," तो म्हणाला. "त्या चादरीखालचं मला एकट्याला नाही बघवायचं."