चालता डोंगर

ती त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा ओकत होती. प्रेमाच्या गोष्टीची सुरुवात अशी करू नये हे कळतं मला, पण झालं ते असंच झालं, त्याला मी तरी काय करणार?

"अहो, इतकं वाकू नका, पडाल!" मागून कोणीतरी ओरडलं आणि तिच्या जॅकेटची पाठ मुठीत घट्ट पकडली.

"मी ठीक आहे..." असं म्हणून ती पुन्हा वाकली.

"दिसतंय ते. पहिल्यांदाच आलात का समुद्रावर?"

तिने तोंड पुसलं आणि वळून बघितलं. उन्हाने रापलेला चेहरा, वाऱ्याने विस्कटलेले केस, आणि हसू दाबून धरलेले ओठ. तिचा पारा चढला.

"समुद्राचे नकाशे काढते मी. कितीतरी वर्षं. हे दर वेळी होतं. तुम्ही बोट चालवा."

तो मुकाट्याने गेला आणि एक निळी बादली घेऊन आला. "ही आजपासून तुमची," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणालाही देणार नाही." आणि खिशातून आल्याचा एक तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. "चावून खा. आणि क्षितिजाकडे बघा. तेवढं एकच हलत नाही इथे."

खरं तर त्या दिवशी ती दोघं एका बोटीवर असायचं काही कारणच नव्हतं. समुद्र-सर्वेक्षण कार्यालयाची स्वतःची बोट होती, पण ऐन वेळी तिचं इंजिन बसलं. मग धक्क्यावर जी मोकळी होती ती बोट घेतली, आणि ती निघाली याची. बाहेर नांगरून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना प्यायचं पाणी पोचवणारी बोट! चहूकडे पाणीच पाणी, आणि हा गडी त्यातून पाणी घेऊन फिरणार. अख्खा धक्का त्याला पाणीवाला म्हणायचा.

तिचं काम सांगायला सोपं होतं. बोटीखालून आवाज सोडायचा, तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, त्यावरून खोली काढायची. अशा हजारो खोल्या जोडल्या की समुद्राच्या पोटातले डोंगर, दऱ्या, पठारं कागदावर उतरतात. जहाजं त्याच कागदाच्या भरवशावर चालतात, मासेमारी त्यावर चालते.

दुपारी बोट उथळ समुद्र ओलांडून पुढे गेली. तिथे तळ एकदम कड्यासारखा तुटतो आणि खोल खोल जातो. तिचं लहान यंत्र तिथे मुकं व्हायला हवं होतं, कारण एवढ्या खोलवर त्याचा आवाज पोचतच नाही. पण पडद्यावर रेघ उमटली. ठसठशीत. वर चढत गेली, टोकाशी गोल झाली, आणि खाली उतरली.

"डोंगर!" ती किंचाळली. "अहो, डोंगर आहे इथे! कोणत्याच नकाशात नाहीये हा!"

"छान. आता माझा हात सोडलात तर बोट वळवता येईल."

तिने खाली बघितलं. त्याचा दंड तिने दोन्ही हातांनी गच्च धरला होता. "सोडते की..." ती म्हणाली, आणि सोडला. जरा सावकाशच सोडला म्हणा.

त्याच संध्याकाळी तिने अहवाल दिला. कार्यालयात कौतुक झालं, जहाजांना कळवलं गेलं, आणि तिच्या विभागप्रमुख बाईंनी, ज्यांच्या तोंडून 'बरं' निघालं तरी लोक पेढा मिळाल्यासारखे खूश व्हायचे, त्यांनी चक्क तिची पाठ थोपटली. महासागराचा तळ मोजायला मोठं जहाज निघणार होतं, वर्षभरासाठी. त्यावर एक जागा रिकामी होती. लहानपणापासून तिला हवी होती ती हीच जागा.

मग खात्री करायला बाई स्वतः दुसरी बोट घेऊन गेल्या. पोचेपर्यंत अंधार पडला. आणि डोंगर गायब! एवढासा उंचवटासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तिचं जे हसं झालं ते विचारू नका. "डोंगर फिरायला गेला असेल गं," शेजारच्या टेबलावरून कोणी म्हणालं. बाई मात्र हसल्या नाहीत.

"सोमवारी जहाज निघतंय," त्या म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत एक तर डोंगर दाखव, नाहीतर तिथे काय होतं ते सांग. 'माहीत नाही' म्हणणारं माणूस मी जहाजावर नेत नाही. ते इथे टेबलाशी बसेल."

दुपारी घरी आईने ऐकलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं बाई! पाळण्यात बसलं तरी पोट ढवळतं तुझं, आणि म्हणे वर्षभर समुद्रावर."

"आई, मी जाणार आहे."

"अगं, जीव जाईल!"

"ओकून कोणी मरत नाही," ती म्हणाली आणि दार उघडून थेट धक्क्यावर गेली.

पाणीवाला नळीची वेटोळी घालत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तो लपवायला तो खाली वाकला.

"ऑफिसने पाठवलं?"

"नाही. मी आलेय. मला त्याच जागी जायचंय, आत्ता."

"आधी दोन जहाजांना पाणी द्यायचंय."

"द्या. मी नळी धरते."

आणि तिने खरंच धरली. भिजून चिंब झाली, निळ्या बादलीला दोनदा भेटून आली, पण नळी सोडली नाही. तो तिच्याकडे चोरून बघत होता. तिच्या ते लक्षात येत होतं, आणि लक्षात आलंय हे त्याच्याही लक्षात येत होतं... असो.

वाटेत त्याने विचारलं, "खाली काळोखात काय आहे ते कळून माणसाला मिळतं काय?"

झालं! तिची गाडी सुटली. पृथ्वीवर जमिनीपेक्षा पाणी किती तरी जास्त. आपला पाऊस त्या पाण्यातून उठतो, आपण घेतो त्या श्वासातला मोठा वाटा समुद्रातल्या बारीक शेवाळाचा. थंड पाणी तळातून वर येतं तिथे मासळी पिकते. आणि तरी या समुद्राचा तळ आपण नीट पाहिलेलाच नाही, चंद्राचा नकाशा त्यापेक्षा चांगला आहे!

"तुम्ही कधी कोणाबरोबर जेवताना समुद्र सोडून दुसरं बोलला आहात?"

"मी समुद्रावर जेवत नाही."

"जमिनीवर जेवा ना मग. माझ्याबरोबर."

ती गडबडीने यंत्राकडे वळली. कान मात्र लाल झाले होते.

आणि पडद्यावर रेघ चढायला लागली.

"आहे! आहे बघ डोंगर! आहे की नाही, तूच सांग!"

"तू म्हणालीस मला."

"मग?"

"काही नाही. चालू दे."

तिला आता पक्का पुरावा हवा होता. तिने नांगराच्या जागी लोखंडी वजन बांधायला लावलं, आणि त्याने बोट बरोबर डोंगराच्या माथ्यावर आणून धरली. वाऱ्याने ती ढकलली जात होती, तो पुन्हा पुन्हा तिथेच आणत होता. रहाट फिरला, तार सरसर खाली निघाली. माथ्यावर वजन टेकलं की तार सैल पडणार.

तार सैल पडली नाही. माथ्याच्या खाली गेली, आणखी खाली, डोंगराच्या पोटातून आरपार... ताठच्या ताठ.

"डोंगर पोकळ आहे का?" त्याने हळूच विचारलं.

तिने तारेवर हात ठेवून बघितला. तिथे दगड नव्हता. म्हणजे तिचं चुकलं होतं, सगळ्यांसमोर, जहाजांना कळवण्यापर्यंत चुकलं होतं. तिचे डोळे भरून आले.

"परत जाऊया?"

"नाही."

"ऊन उतरलंय. अंधार होईल."

"होऊ दे. काहीतरी आहे खाली. ते काय आहे ते कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

त्याने स्वतःचं जाड जॅकेट तिच्या खांद्यावर टाकलं आणि सुकाणूवर जाऊन उभा राहिला.

सूर्य पाण्याला टेकला. बादली गुडघ्यांत धरून ती पडद्याकडे एकटक बघत होती, आणि तेवढ्यात तिला वाटलं डोळ्यांना भास झाला. माथा मघापेक्षा वर आला होता. थोड्या वेळाने आणखी वर. डोंगर चढत होता! जागेवरून उठून, पसरत पसरत, पाण्याच्या वरच्या अंगाला निघाला होता.

"अगं बाई..." ती उठून उभी राहिली. "हे जिवंत आहे! अरे, हे सगळं जिवंत आहे!"

बारीक कोळंबी, बोटाएवढे मासे, अंगातून आरपार दिसणारे जीव. कोटी-कोटींनी. दिवसा शत्रूच्या नजरेपासून लपून खोल काळोखात राहायचं, सूर्य मावळला की खायला वर यायचं. गर्दी इतकी दाट की आवाज तिच्यावरच आपटून परत येतो आणि यंत्राला वाटतं तळ लागला. कड्याशी थंड पाणी वर येतं, त्यात खाणं भरपूर, म्हणून सगळी जत्रा नेमकी इथे. बाई आल्या तेव्हा अंधार झाला होता, म्हणजे तोवर ही मंडळी वर येऊन पांगलेली. हे सगळं ती पुस्तकात शिकली होती, परीक्षेत लिहून आली होती! आणि तरी डोंगर काढून मोकळी झाली, कारण तिला डोंगरच हवा होता.

त्याने निळी बादली खसखसून धुतली, दोरीला बांधून पाण्यात सोडली आणि वर ओढली. तळाशी काचेचे तुकडे हलावेत तसे इवले इवले जीव. दोघांची डोकी बादलीवर वाकली, एकमेकांना लागली, आणि कोणीच मागे घेतलं नाही.

"एक सांगू?" तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मला ना... तू..."

"थांब," ती म्हणाली. "बादली... लवकर!"

शुक्रवारी ती बाईंच्या खोलीत ताठ उभी राहिली. "डोंगर नव्हता. चूक माझी आहे. पण काय होतं ते सांगते." आणि तिने सगळं सांगितलं, तारेसकट.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जहाजांना दुरुस्ती तुझ्या नावाने जाईल. लाज वाटेल."

"वाटू दे. मीच लिहिते."

"बरं. सोमवारी वेळेवर ये. आणि गोळ्या आण ओकारीच्या, जहाजावर गाद्या नव्या आहेत."

ती धक्क्यापर्यंत पळतच गेली. त्याने ऐकलं. हसला. पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"अभिनंदन. तुम्ही जाणारच होतात."

"आता परत 'तुम्ही'?"

"सवय करतोय." तो नळीकडे वळला. "मी पाणी भरतो आणि जहाजं निघून जातात. इतकी वर्षं कधी काही वाटलं नाही मला. या जहाजाचं पाणी मी भरणार नाही. दुसऱ्याला सांगितलंय."

काय म्हणणार होती ती? जात नाही म्हणणं खोटं झालं असतं.

सोमवारी आई धक्क्यावर डोळे पुसत होती आणि ती जहाजाच्या कठड्याशी उभी होती. पाण्याची बोट आली. सुकाणूवर तोच होता. मान वर न करता त्याने नळी जोडली, पंप सुरू केला.

ती दोरीच्या शिडीवरून खाली उतरायला लागली. शिडी झुलत होती, वरून कोणी ओरडत होतं. ती उतरत राहिली आणि धप्पकन त्याच्या बोटीत आली.

"दुसरा येणार होता ना?"

"त्याच्या पंपाला जोर नाही. तुमचं जहाज खोळंबलं असतं."

"मला थांबवायला नाही आलास?"

"थांबशील?"

"नाही."

"मग जा." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "सगळा तळ बघून ये. पण ऐकून जा... तू मला फार आवडतेस. मनात ठेवून वर्ष काढायचं म्हटलं तर मला ते झेपणार नाही."

तिने त्याच्या शर्टाची कॉलर धरली.

"मी जाणार आहे. आणि मला तू हवा आहेस. दोन्ही. एकासाठी दुसरं सोड असं मला कोणी सांगायचं नाही. तूसुद्धा नाही."

"वर्ष मोठं असतं गं."

"असू दे. मी काही मनावर घेतलं की ते मिळेपर्यंत हलत नाही, बघितलंयस तू."

"बघितलंय," तो म्हणाला आणि त्याने तिला जवळ ओढलं. पंप केव्हाच थांबला होता. अख्खं जहाज कठड्यावर जमलं होतं, आणि बाई सगळ्यांच्या पुढे.

"पाणी भरून झालं असेल तर निघूया का आपण?" बाई वरून म्हणाल्या.

ती शिडी चढून गेली. दोर सुटले, जहाज वळलं, आणि बंदराचं तोंड ओलांडताच लाटा सुरू झाल्या. तिचा रंग पांढराफटक पडला.

"आत जाऊन आडवी हो," बाई म्हणाल्या.

"थोड्या वेळाने," ती म्हणाली, आणि कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून ती लहानशी बोट दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिली.