उजवा कोपरा आत्याचा

शनिवारी चार वाजता माळ्यावरचा कॉम्प्युटर न्यायला भंगारवाला येणार होता. बाबांनी त्याला शब्द दिला होता, आणि एकदा शब्द दिला की बाबांना ब्रह्मदेवही हलवू शकत नाही.

"चालू झाला तर ठेव," ते म्हणाले. "नाहीतर जागा अडवायला या घरात मी एकटा पुरे."

चालू होणारच होता. मी नववीत आहे, आणि गेल्या महिन्यात शाळेतला मेलेला प्रोजेक्टर मी उघडून चालू केला, तेव्हापासून माझी कॉलर जरा ताठच असते. बाबा मला इंजिनियरबाई म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण मी कौतुक समजून घेते.

कॉम्प्युटर आत्याचा. ती आमच्याकडेच राहायची, मधल्या खोलीत, आणि घरबसल्या लोकांचे प्रबंध नि अर्ज टाइप करून द्यायची. मनगटाला बाम चोळून बसायची, पण बोटांकडे कधी बघायची नाही. काम आटोपलं की आमचा खेळ. गोष्टीतली एक ओळ तिची, एक माझी. ओळ लिहून झाली की कीबोर्डवर फुलाफुलांचं कव्हर घालायचं आणि त्याचा कोपरा दुमडायचा. तिने उजवा दुमडला की माझी पाळी, मी डावा दुमडला की तिची. तोंडाने सांगायचं नाही. आणि गोष्ट संपवायची ती दोघींनी मिळून.

गोष्ट एका लिफ्टवाल्या बाईची होती. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि आत्याचे गुडघे कुरकुरायचे. म्हणून तिने गोष्टीतच लिफ्ट बसवून घेतली, लोखंडी जाळीच्या दाराची.

तीन वर्षांपूर्वी ती तपासण्यांना निघाली तेव्हा मला सोबत नेलं नाही. मी फुरंगटून बसले आणि लिहिलं, "जाळी बंद झाली आणि बाई आतच राहिली. समाप्त." डावा कोपरा दुमडला. आत्या दवाखान्यातून परत आली नाही. आठवड्याभरात बाबांनी कॉम्प्युटर माळ्यावर टाकला.

मला एवढंच हवं होतं. चारच्या आत तो एक शब्द पुसायचा.

माळ्यावरून खाली काढला तेव्हा कव्हर कीबोर्डवरच होतं आणि डाव्या कोपऱ्याची घडी तशीच. मी ते बाजूला ठेवलं आणि डबा उघडला. आत करड्या धुळीची गोधडी. रंगाच्या ब्रशने झाडत झाडत पंख्यापर्यंत पोचले, तर पात्याला एक लांब केस गुंडाळलेला, अर्धा काळा, अर्धा पांढरा. आत्या केस रंगवायला नेहमी उशीर करायची. मी तो वहीत ठेवला. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने घासले. ही युक्ती कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांची. कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाचा सेलही त्यांनीच दिला.

"तारीख विसरला असेल तो," काका म्हणाले होते. "म्हाताऱ्यांचं तसंच असतं. आजचा वार आठवत नाही, बाकी सगळं लख्ख."

कीबोर्डची बटणं उपटून साबणाच्या पाण्यात घातली आणि चाळणीत निथळत गॅलरीतल्या उन्हात ठेवली. ती वाळेपर्यंत थांबेन तर मी कसली. नुसता माउस जोडला आणि बटण दाबलं.

पंखा खोकला, मग फिरला. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं आली. कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायचं असेल तर कीबोर्डवरचं अमुक बटण दाबा. मी खो खो हसले. बाबाही अशाच सूचना देतात.

चाळण आणायला गॅलरीत गेले. बटणं अजून ओलीच होती. एकेक पुसत होते, तेवढ्यात आतून ती धून वाजली. कॉम्प्युटर पूर्ण सुरू झाल्याची. लहानपणी ती ऐकली की मी गृहपाठ टाकून मधल्या खोलीत पळायचे.

आत आले. निळा पडदा, त्यावर आत्याच्या फाइली, ओळीने.

"बाबा, तुम्ही काही दाबलंत का?"

"मी भाजी चिरतोय," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "आणि दाबू कशाने? बटणं तर तू पळवलीस."

चाळण माझ्याच हातात होती. जुनी मशीन असेल, वाट बघून आपणच पुढे जात असेल, असं मी ठरवून टाकलं. माउसने आमची गोष्ट उघडली आणि शेवटच्या पानावर आले.

"जाळी बंद झाली आणि बाई आतच राहिली."

समाप्त नव्हतं.

त्याखाली आणखी एक ओळ होती.

"बाहेर कुणीतरी ब्रशने धूळ झाडू लागलं, तेव्हा बाईला जाग आली."

माझ्या हातांना साबणाचा वास येत होता. खोलीला बामाचा.

मग मी बटणं बसवली, एकेक, न घाबरल्यासारखी. कीबोर्ड जोडून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. पाळी माझी होती. लिहिलं, "मी जाळीबाहेरून विचारलं, कितव्या मजल्यावर जायचंय?" कव्हर घातलं. डावा कोपरा दुमडला.

वळून बघते तर बाबा दारात, हातात सुरी तशीच.

"दोनदा वाजली ती धून," ते म्हणाले. "मला वाटलं..."

चार वाजता भंगारवाल्याला ते जुनी सायकल देऊन आले. शब्द तर पाळायला हवा.

संध्याकाळी मी कॉम्प्युटर बंद केला. कुणी हात लावू नये म्हणून त्याची वायर काढली आणि उशीखाली ठेवून झोपले.

रविवारी सकाळी वायर उशीखालीच होती. मी ती घेऊन मधल्या खोलीत गेले.

कव्हरचा डावा कोपरा सरळ होता.

उजवा दुमडलेला.

वायर लावली. धून वाजली. पान उघडलं.

"'तिसऱ्या,' बाई म्हणाली."

"अगं ए इंजिनियरबाई," बाबांनी बाहेरच्या खोलीतून हाक मारली. "जिन्यात जाऊन बघ जरा. कुणीतरी लोखंडी जाळी सरकवतंय."