उपाशी श्वास

सेन्सर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असं मी आमच्या येरवड्याच्या ऑफिसात येईल-जाईल त्याला ऐकवायचे. आमचं यंत्र साधं. नळीत फुंकर मारायची. श्वासात अमोनिया वाढला तर किडनी कुरकुरतेय, ॲसिटोन वाढला तर माणूस उपाशी आहे. सुई नाही, रक्त नाही, कटकट नाही.

माझ्या नवऱ्याला, अभिनवला, त्याच्या थोरल्या बहिणीने किडनी दिली होती. भाग्यश्रीताई कसब्यात राहायच्या. जिभेला धार, माझ्या हातचं पहिलं वरण चाखून म्हणाल्या होत्या, "मीठ महाग झालंय का गं?" पण भावावर जीव. त्याच्यासाठी त्यांनी संकष्टी धरली होती. चंद्र दिसल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. पावसाळ्यात ढग असले की मीच फोन करायचे, "ताई, पंचांगात उगवलाय तो. जेवा आता." मग कुठे पान वाढून घ्यायच्या.

माघात ताई झोपेतच गेल्या. त्या धसक्याने मी एक यंत्र शनिवार पेठेत घरी आणलं.

वैशाखात एका संध्याकाळी अभिनवने फुंकर मारली आणि ॲसिटोन भसकन वर गेला.

"दुपारी जेवला नाहीस?"

"अगं, जेवलो की!"

"खोटं बोलू नकोस."

त्याने रिकामा डबा पुढे केला. मी स्वतः फुंकून पाहिलं, यंत्र ठणठणीत. चंद्र वर आल्यावर त्याचा आकडा आपोआप उतरला. ज्येष्ठात पुन्हा तेच, आणि त्या दिवशी तर मी त्याला समोर बसवून जेवू घातलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे माझं लक्ष गेलं. संकष्टी होती, आणि वैशाखातल्या त्या दिवशीही. योगायोग, दुसरं काय!

आषाढातल्या संकष्टीला आभाळ सकाळपासून गच्च होतं. रात्रीचं जेवण झालं तरी ॲसिटोन उतरेना. त्यात अमोनियाही चढू लागला. अभिनव घटाघटा पाणी पीत होता, तरी ओठ कोरडेच. डॉक्टर फोनवर म्हणाले, "आणखी चढलं तर थेट ॲडमिट करा." ही किडनी गेली तर पुन्हा डायलिसिस, आणि दुसरी द्यायला आता होतं कोण? मला रडूच फुटलं.

तो आतल्या खोलीत पडून राहिला. मी कुकर लावला. आपण काय करतोय ते कळत होतं, लाजही वाटत होती. गॅलरीच्या दारापाशी पाट मांडला. ताटात वरणभात वाढला, वर तूप, शेजारी पाण्याचं भांडं.

"ताई," मी हळूच म्हटलं, "पंचांगात उगवलाय तो. जेवा आता."

काही झालं नाही. मुठा नदीकडून ओला वारा आला, भातावरची वाफ हलली, एवढंच.

मी आत जाऊन अभिनवला फुंकायला लावलं.

ॲसिटोन उतरला होता.

थोड्या वेळाने पुन्हा. अमोनियाही उतरत होता.

"बरं वाटतंय," तो डोळे मिटूनच म्हणाला. सुटले बाई एकदाची, असं मला झालं.

तो कुशीवर वळला. हाताने ओठ पुसले.

"मीठ महाग झालंय का गं?"

मी बाहेर आले. ताट होतं तसंच होतं. बोट बुडवून वरण चाखलं.

घाईत मीठ घालायचंच राहिलं होतं.